होगा बेडा पार

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे लग्नाआधी मला कोणी विचारलं नाही आणि लग्नानंतर विचारायला कोणाला वेळ नव्हता. संध्याकाळी दिवा लावायचा, एकादशीला उपास धरायचा, मारुतीच्या देवळात बायकांच्या भजनाला बसायचं, हे सगळं मी करत होते. जसं अंगण सारवत होते, तसंच. माझी आई बाळंतपणात गेली तेव्हा वडिलांनी गावातल्या एकूण एक देवाला नारळ बोलला होता. ते नारळ फोडायची वेळच आली नाही. त्यानंतर मी देवाशी भांडले नाही, पण त्याच्याकडे काही मागितलंही नाही. मागून मिळत नसेल तर उगीच दोघांनाही अडचणीत कशाला टाकायचं, असं मला वाटायचं. आज मी जे सांगणार आहे ते ऐकून कोणी माझ्यासारखं भाविक व्हावं, अशी माझी इच्छा नाही. मी स्वतः किती भाविक आहे, हेही मला नीट सांगता येणार नाही. घडलं तेवढं सांगते.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठाला. रसायनीला कारखाने येणार अशी नुसती बोलणी चालू होती, त्या काळातली ही गोष्ट. घरी सासूबाई, मोठे दीर आणि जाऊ, आमचे हे आणि मी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. चिखलणी चालू असताना ह्यांच्या पायात नांगराच्या जुन्या लाकडातला गंजका खिळा गेला. त्यांनी तो स्वतःच उपटून बांधावर टाकला आणि परत बैलांमागे चालू लागले. घरी आल्यावर सासूबाईंनी जखमेत हळद भरली, वर कढत तेलाचा चटका दिला. जखम दिसायला बरी झाली. मग एका सकाळी ते जेवायला बसले आणि भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. जबडा उघडेना. आम्हाला वाटलं, दाढ दुखते. दुपारी पाठ ताठ झाली आणि संध्याकाळपर्यंत अंग असं आवळून यायला लागलं की टाचा आणि डोकं तेवढं जमिनीला टेकत होतं, मधलं सगळं शरीर वर उचललेलं. माणूस शुद्धीत होता. डोळे आमच्याकडे बघत होते आणि तोंड हसल्यासारखं ताणलेलं होतं. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

गावात म्हणाले, बाहेरची बाधा आहे, भगताला बोलवा. दिरांनी मात्र आधी बैलगाडी जुंपली, हे त्यांचं मोठेपण. शिळफाट्याला पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि हा धनुर्वात आहे, त्यावरचं इंजेक्शन आपल्याकडे नाही, कर्जतला न्या असं सांगितलं. विटांच्या एका ट्रकमध्ये, विटांवर गोधड्या घालून, आम्ही त्यांना कर्जतला नेलं. प्रत्येक खड्ड्याला त्यांचं अंग आवळत होतं.

कर्जतला भिसेगावच्या बाजूला एका डॉक्टरांचं लहानसं हॉस्पिटल होतं. कौलारू घर, पुढे लांब ओटी, ओटीवर पत्रा, आणि ओटीला लागून ओळीनं खोल्या. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलायचे. त्यांनी इंजेक्शनं दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता औषधापेक्षा शांतता महत्त्वाची आहे. खोलीत अंधार हवा. आवाज नको, उजेड नको, धक्का नको. भांडं पडलं तरी झटका येईल आणि एखाद्या झटक्यात श्वास अडकेल. काही दिवस निभावले तर आशा आहे. मी विचारलं, निभावतील का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मला त्यांचं ते बोलणं आवडलं. खोटं काही बोलले नाहीत.

खोलीच्या खिडकीला झडप होती, पण तिची एक फळी निखळलेली होती आणि तिथून उजेडाचा पट्टा थेट ह्यांच्या तोंडावर येत होता. मी माझं लुगड्याचं धडपं लावून बघत होते, ते पुरत नव्हतं. तेवढ्यात मागून एक बाई आली. काळीसावळी, उंच, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, नेसणं आमच्यासारखं नव्हे. तिनं काही न बोलता आपल्या खांद्यावरची जाड काळी चादर काढली, चार कोपऱ्यांना गाठी मारल्या आणि झडपेच्या खिळ्यांना घट्ट बांधून टाकली. खोली काळोखी झाली. मी तिला म्हटलं, तुम्हाला लागेल ना ही? ती काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. तिलाही माझं कळलं नसावं. ती आली तशी निघून गेली.

हॉस्पिटलात काम करणाऱ्या आयाबाईंनी सांगितलं की ती मद्रासकडची. आमच्याकडे तेव्हा दक्षिणेकडचं कोणीही आलं की ते मद्रासकडचंच असायचं. तिचा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये, घाटातल्या रुळांवर कामाला होता. तिचा लहान मुलगा ओटीच्या अगदी टोकाच्या खोलीत ताप येऊन पडला होता. ती दिवसभर त्याच्याजवळ बसून असायची आणि गायची. मोठ्यानं नाही. एकच चाल, वर जाऊन परत खाली येणारी, आणि थोडेसेच शब्द पुन्हा पुन्हा. पत्र्यावर पावसाचा आवाज सतत असल्यामुळे मला नुसता सूर ऐकू यायचा. सगळ्यांना गप्प करणारे डॉक्टर तिला मात्र काही म्हणाले नाहीत. आणि ताटली खणकली तर आवळून येणारे आमचे हे, तिच्या त्या सुरानं कधी आवळले नाहीत. मी त्यातून काही सिद्ध करत नाही. ती लांब होती, आवाज मऊ होता. पण माझ्या ध्यानात मात्र ते राहिलं.

दिवस गेले तसे झटके कमी झाले नाहीत. दोन-तीनदा ते निळे पडले. दीर येऊन बघून गेले आणि त्यांचा धीर सुटला. सासूबाईंचं म्हणणं होतं की मुलाला घरी न्या. त्यांचंही चुकत नव्हतं. सासरे मुंबईला एका दवाखान्यात गेले होते आणि सासूबाईंना त्यांचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. मुलाच्या बाबतीत तसं होऊ नये, त्याच्या तोंडात पाणी आपल्या हातानं पडावं, एवढंच त्यांना हवं होतं. शिवाय गावात भगत होता. डॉक्टर म्हणाले, हलवलंत तर वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण तुमचं माणूस आहे. दिरांनी मला विचारलं नाही, सांगितलं. उद्या सकाळी टेंपो घेऊन येतो, सामान बांधून ठेव. मी मान हलवली. थोरल्या दिरापुढे मी तोवर कधी तोंड वर करून बोलले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की संपलं आहे. कुठे संपतं, एवढंच ठरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोधड्या गुंडाळल्या, तांब्या-पेला फडक्यात बांधला आणि ओटीवर येऊन बसले. मनात काही नव्हतं. रडूही येत नव्हतं. पाऊस धो धो पडत होता, आणि एकाएकी, नळ बंद करावा तसा, थांबला. पत्र्यावरचा आवाज बंद झाला आणि इतके दिवस नुसता सूर येत होता त्यातले शब्द पहिल्यांदा माझ्या कानावर आले. होगा बेडा पार, ओ मगन. होगा बेडा पार, ओ मगन. तेच, पुन्हा पुन्हा.

हिंदी मला फारसं येत नव्हतं. पण हे शब्द मला माहीत होते. आमच्या माहेरी सुगीनंतर एक उत्तरेकडचा गोसावी एकतारी घेऊन यायचा आणि त्याच्या गाण्यात बेडा पार हे शब्द असायचे. वडिलांनी मला लहानपणी सांगितलं होतं की बेडा म्हणजे नाव, होडी. बेडा पार म्हणजे देवानं होडी पैलतीराला नेली. आणि मगन म्हणजे देवाच्या ठिकाणी बुडून गेलेला. मी ओटीवर बसले होते आणि टोकाच्या खोलीतून ती अनोळखी बाई सांगत होती की होडी पार होणार आहे. होईल का, असं विचारत नव्हती. होगा, असं म्हणत होती.

त्या वेळी मला काय झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. अंगावर काटा आला नाही, उजेड दिसला नाही. नुसतं इतकंच झालं की छातीत कितीतरी दिवस आवळून धरलेलं काहीतरी सुटलं. मी मनात म्हटलं, बरं, तुझ्या हातात आहे ना होडी, मग मी कशाला हलवू? आईच्या मरणानंतर देवाशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

टेंपो आला. पुढे दीर, मागे सासूबाई. दीर खाली उतरून खोलीकडे निघाले तशी मी उठले आणि दारात उभी राहिले.

"दादा, मी नाय नेऊ देत," मी म्हटलं.

दीर थांबले. त्यांना ऐकू आलं की नाही असं वाटून मी परत तेच म्हटलं. ते मोठ्यानं बोलले नाहीत, खोलीत आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी उलट आवाज उतरवला.

"तुला समजतं का गं, काय बोलतंस ते? उद्या काय झालं तर आईला काय सांगशील?"

"मीच सांगीन. पन हलवू नका. ते निभावनार हायत."

"कोन बोललं तुला? डाक्टर?"

ती बाई गाते आहे ते ऐका, असं कसं सांगणार? दीर माझ्याकडे बघत राहिले, मी दारातून हलले नाही. मग सासूबाई टेंपोतून हळूहळू उतरल्या. मला वाटलं, आता त्या मला बाजूला करतील. त्या ओटीवर आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मंग मी पन हितंच बसते. तू जा रं, लावनी खोळंबली हाय." दीर टेंपो घेऊन परत गेले. सासूबाई त्या दिवसापासून ओटीवरून हलल्या नाहीत.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. झटके एकदम थांबले नाहीत, विरळ होत गेले. एके दिवशी जबड्यात चमचा जाण्याएवढी फट पडली आणि सासूबाईंनी मुलाला पेज भरवली. पाणी पाजायला ज्याला घरी न्यायचं होतं, त्याला त्यांनी तिथेच पेज पाजली. मला वाटतं, त्या दिवसाआधी मी त्यांना सासू म्हणूनच बघत होते. मध्ये एका सकाळी माझ्या लक्षात आलं की टोकाच्या खोलीतून गाणं येत नाही. जाऊन बघितलं तर खाट रिकामी, गादी बाहेर ओटीवर टाकलेली. आयाबाईंना विचारलं, तर त्या घाईत होत्या, "गेली ती लोकं," म्हणाल्या. मी समजले की मुलगा बरा झाला, घरी गेली. मला आनंद झाला. वाईट एवढंच वाटलं की तिला भेटता आलं नाही. आम्ही निघालो तेव्हा तिची चादर धुऊन, घडी करून आयाबाईंच्या हातात दिली आणि तिला पोचवायला सांगितली.

ह्यांना चालायला लागायला दिवाळी उजाडली. त्यानंतर एका एकादशीला मारुतीच्या देवळात भजन झालं तेव्हा मी पहिल्यांदा पुढे बसून गायले, होगा बेडा पार, ओ मगन. चाल सोपी होती, बायकांनी लगेच उचलली. पुढच्या चार ओळी आम्ही सगळ्यांनी मिळून मराठीतून जोडल्या. कोणाच्या घरी आजारपण आलं, कोणाचं माणूस नदीपलीकडे अडकलं, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली, की बायका मला म्हणायच्या, ते कर्जतचं भजन म्हण गं. पुढे पुढे दीरही झांज घेऊन बसायला लागले. ते गाणं गात गात आमच्या गावच्या बायका म्हाताऱ्या झाल्या, सासूबाई गेल्या, आणि माझी देवाशी बोलायची सवय मोडली नाही.

मधल्या काळात रसायनीचे कारखाने उभे राहिले आणि आमच्या गावात भाड्यानं राहणारी माणसं आली. त्यांत एक बेळगावकडचं जोडपं होतं. नवरा कारखान्यात, बायको गिरिजा, अंगावर पिणारं मूल. ती मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायची. घरात एकटीला करमेना म्हणून मी तिला एकादशीला देवळात घेऊन गेले. नेहमीसारखं भजन रंगलं, शेवटी कर्जतचं गाणं झालं. मांडीवरच्या मुलाला थोपटता थोपटता तिचा हात थांबला, एवढं मी बघितलं. आरती झाल्यावर ती माझ्याबरोबर घरी आली आणि बराच वेळ ओट्यावर घुटमळत राहिली.

"काकू, ते शेवटचं कुठून शिकलात?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, आज सांगते आहे तसं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. सांगू की नको, असं तिचं चाललं होतं. शेवटी म्हणाली, "काकू, ते हिंदी नाही. कानडी आहे. होगबेडा म्हणजे जाऊ नको. बारो म्हणजे ये रे. आणि मगने म्हणजे लेका, बाळा."

तिनं ते एकदा सावकाश म्हणून दाखवलं. होगबेडा, बारो मगने. जाऊ नको, ये रे लेका. माझ्या कानांना इतकी वर्षं जे ऐकू येत होतं त्याच्यात आणि त्याच्यात काही फरक नव्हता. सूर तोच, अक्षरं जवळजवळ तीच. गिरिजा म्हणाली, तुम्हाला वाईट वाटलं का? मी नाही म्हटलं. तिच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि तिला घरी पाठवलं.

वाईट वाटलं नव्हतं, भीती वाटली होती. आधी मनात आलं ते हे की त्या सकाळी सामान बांधून निघायला बसलेल्या मला कोणीतरी जाऊ नको म्हणत होतं आणि मी गेले नाही. शब्दांचा अर्थ मला उलटाच कळला होता, पण शब्दांनी सांगितलं होतं नेमकं तेच माझ्याकडून घडलं. ह्या विचारानं मी हरखले, नाही म्हणत नाही. आणि लगेच दुसरा विचार आला. ती माझ्याशी बोलत नव्हती. ती कोणाला जाऊ नको म्हणत होती?

थोड्याच दिवसांत मी कर्जतला गेले. हॉस्पिटल बंद झालं होतं, डॉक्टर वारले होते. आयाबाई जवळच राहायच्या, थकल्या होत्या, पण त्यांना सगळं आठवत होतं. त्या म्हणाल्या, "तुमी दिराला दारातनं परत धाडलंत ना, त्याच दिसापासून पोर उतरनीला लागलं व्हतं. दोन दिसांनी गेला." त्यांनी मला तेव्हाही 'गेली ती लोकं' असंच सांगितलं होतं. मराठीच होतं ते, पण मला हवा तो अर्थ मी घेतला होता. ती बाई कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, इथंच आहे की, नवरा मुकादम होऊन रिटायर झाला, भिसेगावात दोन खोल्या बांधल्यात. नीलव्वा म्हणून विचार.

नीलव्वा दारात बसून शेंगा फोडत होती. केस पांढरे झाले होते, नाकातल्या दोन्ही चमक्या तशाच. तिनं मला ओळखलं नाही, मी चादरीचं सांगितलं तेव्हा हळूहळू ओळखलं. आता ती आमच्यासारखंच बोलत होती, हाय-नाय करत. दोन मुली झाल्या, दोघी दिल्या, असं सांगितलं. मी तिला विचारलं की तुम्ही तेव्हा गात होतात ते आठवतं का. ती जरा गोंधळली.

"मी गात व्हते? नाय बाय. मी त्याला बोलवत व्हते. चाल पाळन्याची, त्याला तीच म्हायीत व्हती. सबूद तोंडाला येतील ते."

मग मी तिला सांगितलं. पाऊस थांबल्याचं, मी काय ऐकलं ते, दारात उभी राहिले ते, दीर परत गेले ते. सांगताना मला लाज वाटत होती. तिचं पोर जात होतं आणि मी तिच्या हाकेतून माझ्यासाठी आधार काढून घेतला होता, असं काहीसं ते वाटत होतं. आमचं गाव ते भजन म्हणून गातं, हेही सांगितलं. ती शेंगा फोडायची थांबली होती.

"मानूस हाय तुमचा?" तिनं विचारलं.

"हाय."

"चालतो-फिरतो?"

"शेती करतात अजून."

तिनं मान हलवली. टोपलीतल्या शेंगांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्सं मला वाटायचं, त्ये कुनी ऐकलंच नाय."

ती रडली नाही, मीही नाही. तिनं आत जाऊन चहा केला आणि आम्ही तो प्यालो. निघताना तिनं मला ते भजन म्हणायला सांगितलं, तुम्ही म्हणता तसं. मी तिच्या दारात बसून म्हटलं. ती खाली बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आता अर्थ कळला म्हनून बदलू नका. तुमचं हाय तसंच म्हना." मला वाटलं, ती उदार होऊन म्हणते आहे. नंतर वाटलं, तसं नसेल. तिच्या मुलाला हाक मारायचा अधिकार तिला स्वतःकडेच ठेवायचा असेल. दोन्ही असेल.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे कधी देवळात न बसणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पोराचं नाव काय व्हतं?" मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्या तांदळाची पिशवी घेऊन घराबाहेर पडले आणि संध्याकाळी परत आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी खोदून विचारलं नाही. पायरीवर पाय धुता धुता म्हणाले, "बसवराज. बसू म्हनायची." त्या वर्षीच्या पितृपक्षात आमच्या घराण्यातल्या सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर त्यांनी आणखी एक पान मागितलं. दिरांनी विचारलं, हे कोणाचं? हे म्हणाले, आपल्यातलंच हाय. दिरांनी त्यावर भात वाढला. तेव्हापासून ते पान चुकलेलं नाही.

ज्या सुरानं माझी होडी पैलतीराला लागली, त्याच सुरानं तिची लागली नाही. शब्द तेच, ओटी तीच, आणि माझ्याहून कितीतरी मोठ्या कळकळीनं ते म्हणणारी ती होती. तिचं मागणं तिला मिळालं नाही आणि न मागता ते मला मिळालं. ह्याचा मेळ मला लागत नाही. देवळात कोणी देवाच्या न्यायाबद्दल बोलायला लागलं की मी गप्प बसते. माझ्यावर कृपा झाली, हे मी नाकारत नाही. ती कोणाच्या हातून आली ते मला ठाऊक आहे आणि रोज दिवा लावताना मी दोघांनाही हात जोडते, आधी तिला, मग देवाला. का, हे त्याला विचारायचं मी अजूनही सोडलेलं नाही. उत्तर मला समजेल अशाच भाषेत यावं, हा हट्ट मात्र सोडला.